काकांच्या लाळेतून सापडलेली वाट

माझ्या डीएनए अहवालात वडिलांच्या वंशासमोर नुसती आडवी रेघ होती. आईकडच्या रकान्यात 'एम' हे अक्षर होतं, म्हणजे भारतात सगळ्यात जास्त आढळणारा मातृवंश. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की वाय गुणसूत्र नसल्याने पितृवंश सांगता येत नाही. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हे असंच येणार हे ठाऊक होतं. तरी ती रेघ बघून पोटात कालवलं. ज्यांचा नमुना पाठवायला हवा होता ते माझे बा मागच्या पावसाळ्यात गेले. मला भाऊ नाही.

आम्ही कोरकू. गाव मेळघाटात, धारणी तालुक्यात. 'कोरो' म्हणजे माणूस, त्याला 'कू' लागलं की अनेकवचन. २०११ च्या जनगणनेत आमची भाषा बोलणारे सुमारे सव्वासात लाख लोक निघाले. मेळघाट, बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर हा त्यांचा मुलूख. भोवताली मराठी, हिंदी, गोंडी. पण आमची बोली संथाळी-मुंडारीची बहीण, आणि त्या नात्याने कंबोडियातल्या ख्मेर आणि व्हिएतनामीच्या गोतातली. ऑस्ट्रोआशियाई भाषाकुळाचं हे पश्चिमेकडचं शेवटचं टोक. हे मला पुस्तकातून नाही कळलं. बी.एड.च्या वसतिगृहात एका संथाळ मैत्रिणीने एक ते पाच आकडे तिच्या भाषेत मोजले आणि मी नकळत माझ्या भाषेत तिच्याबरोबर मोजत गेले. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात होता: ही भाषा ज्या वाटेने आली, त्याच वाटेने माणसंही आली का?

याचं उत्तर शोधायला वाय गुणसूत्र फार कामाचं. बापाकडून मुलाकडे ते जवळपास जसंच्या तसं जातं. पिढ्यानपिढ्यांत कधीतरी नकलेत एखादं अक्षर बदलतं, आणि तो बदल पुढच्या सगळ्या मुलांच्या अंगावर खुणेसारखा राहतो. एम१७५ ही खूण असलेल्या पुरुषांना 'ओ' गटात धरतात. पूर्व आणि आग्नेय आशियातला हा सगळ्यात मोठा पितृवंश. त्याची एम१२२ ही फांदी चीनच्या हान लोकांत पसरलेली, एम१७६ कोरिया-जपानकडे, आणि एम१७६ ची जवळची फांदी एम९५ व्हिएतनाम, लाओस, बाली, निकोबार आणि आपल्याकडच्या मुंडा-भाषक, म्हणजे संथाळी, मुंडारी, कोरकू अशा भाषा बोलणाऱ्या जमातींत.

तेव्हा बांचे धाकटे भाऊ, माझे काका. दोघांचं वाय गुणसूत्र एकच.

काकांनी पहिल्याच दिवशी नकार दिला. त्यामागे कारण होतं. काही वर्षांपूर्वी गावात एका शिबिरात सगळ्यांचं रक्त घेतलं होतं. कशासाठी, ते कुणी नीट सांगितलं नाही आणि निकालही परत आला नाही. "रक्त घेऊन जातात, थुंकी घेऊन जातात, आणि आपल्याबद्दल काय लिहितात ते आपल्याला कळत नाही," ते म्हणाले. मला त्यांचं पटलं. मी सगळा करारनामा बसून कोरकूत सांगितला: नमुना कुठे जाणार, किती दिवस ठेवणार, संशोधनाला द्यायचा की नाही या चौकटीत आपण 'नाही' लिहू शकतो, नंतर मिटवायलाही सांगू शकतो. 'गुणसूत्र' या शब्दाला कोरकूत शब्द नाही. मी 'बियाणं' म्हटलं. घरच्या ज्वारीचं राखून ठेवलेलं बियाणं जसं दरसाल त्याच घरात पेरतात, तसं. काकांनी एक रात्र मागितली. सकाळी दोन अटी घातल्या: नाव कुठे द्यायचं नाही, आणि निकाल सगळ्यांत आधी त्यांना सांगायचा, कोरकूत.

पहिला नमुना वाया गेला. नळीत दोन मिलीलीटर लाळ लागते, आणि त्याआधी अर्धा तास खाणं, पिणं, तंबाखू सगळं बंद. काकांना दिवसभर दाढेत तंबाखू ठेवायची सवय. तीन आठवड्यांनी कंपनीचा निरोप आला की डीएनए पुरेसा मिळाला नाही. दुसऱ्या वेळी मी पहाटेच गेले. ते झोपेतून उठले, चूळ भरली, आणि आम्ही दोघं ओसरीवर चुपचाप अर्धा तास बसून राहिलो. बा गेल्यापासून आम्ही इतका वेळ एकत्र बसलो नव्हतो. मग त्यांनी सावकाश नळी भरली. टोपणातलं द्रावण सोडून हलवलं की नमुना बर्फाविना टिकतो, त्यामुळे अमरावतीहून कुरिअर करायला अडचण आली नाही.

निकाल दोन महिन्यांनी आला. 'ओ१बी१ए१ए.' शोधनिबंधांत एम९५ साठी मी वाचलं होतं 'ओ२ए', आणि एकात 'ओ२ए१'. आठवडाभर मी समजत होते की काकांचा वंश वेगळाच निघाला. मग फांद्यांचे जुने-नवे तक्ते शेजारी ठेवले तेव्हा उलगडलं. २०१६ च्या सुमारास या झाडाची नावं बदलली: आधीचा ओ२ आता ओ१बी झाला, आणि आधीचा ओ३ आता ओ२. म्हणजे जुन्या लेखात 'ओ२' म्हटलं तर ते आमचं, नव्या लेखात म्हटलं तर ते हान चिन्यांच्या बाजूचं. या वाटेने कुणी जाणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे: अक्षरांच्या त्या लांब शेपटीवर विसंबू नका, खुणेचा क्रमांक बघा. एम९५ काल होता तोच आज आहे.

माझ्या हातून चूक झाली ती यापुढे. पहिला जो निबंध हाती लागला तो २००७ चा होता. त्यात एम९५ मुंडा लोकांतच, भारतात, सुमारे ६५ हजार वर्षांपूर्वी उगवला आणि इथून पूर्वेकडे गेला असं मांडलं होतं. मी तो रात्री वाचला आणि राहवलं नाही म्हणून काकांना फोन लावला. आपण सगळ्यांच्या आधीचे, हे इथूनच तिकडे गेलं, असं सांगून टाकलं. ते खूप वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तुझा बा हेच म्हणायचा."

पुढचे निबंध वाचत गेले तसा तो आकडा टिकेना. तो मोजकी पुनरावृत्त अक्षरं आणि बदलाचा फार संथ वेग धरून काढलेला होता. पुढे गुणसूत्राचे लांबच लांब तुकडे वाचता येऊ लागले आणि काळ कितीतरी जवळ आला. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात या वंशाच्या विस्ताराचं वय पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरत आलेलं दिसतं: लाओसमध्ये सुमारे ५,७०० वर्षं, ईशान्य भारतात ५,२००, पूर्व भारतात ४,३००. २०२१ मध्ये दक्षिण आशियातल्या १,४३७ पुरुषांचे नमुने तपासून निष्कर्ष निघाला की ऑस्ट्रोआशियाई भाषांबरोबर इथे आलेल्या एम९५ चे किमान तीन वेगवेगळे मूळपुरुष होते, आणि हे सगळं गेल्या पाच हजार वर्षांतलं. काळ आग्नेय आशियात भातशेती पसरण्याचाच. काही भाषाशास्त्रज्ञ तर म्हणतात की हे लोक डोंगरांतून नव्हे, समुद्रमार्गे महानदीच्या मुखाशी उतरले.

दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. मुंडा-भाषकांचा पितृवंश असा पूर्वेचा, पण मातृवंश जवळजवळ पूर्ण इथलाच. २०११ च्या अभ्यासात हे स्पष्ट आलं आहे. थोडे पुरुष आले, इथल्या बायकांबरोबर संसार थाटले, आणि मुलांच्या तोंडी बापाची भाषा राहिली. ती कशी राहिली, का राहिली, यावर मी अनेक रात्री विचार केला आहे. आई दुसऱ्या भाषेत अंगाई म्हणत असेल, आणि ती भाषा आज कुणाला ठाऊक नाही.

स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "म्हणजे मॅडम, तुम्ही पण बाहेरचेच." मला ते लागलं. दहा पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाचे एक हजार चोवीस पूर्वज होतात. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच पुरुषाचं. उरलेल्या एक हजार तेवीस जणांबद्दल ते काहीच बोलत नाही. आणि एकाच धाग्यावर ठरवायचं तर गवताळ युरेशियाकडून आलेला आर१ए हा पितृवंश स्टाफरूममधल्याही कुणाकुणाच्या अंगात असणार, आणि तोही आमच्या एम९५ पेक्षा आधी आलेला नाही. हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

काकांना सांगणं अवघड होतं. त्यांना एकदा चुकीचं सांगून बसले होते. बांच्या नावाचा सागवानी मुंडा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीचा लाकडी खांब, कोरून झाला होता, ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यावर घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, काका, फोनवर सांगितलं ते बरोबर नव्हतं. बापाचं बियाणं पूर्वेकडून आलं, चार-पाच हजार वर्षांपूर्वी.

"आणि आई?"

"आई इथलीच. सगळ्या आया इथल्याच."

ते मुंड्यावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, तिकडचे लोक अजून आपल्यासारखं बोलतात का. मी म्हटलं, थोडं थोडं. व्हिएतनामी लोक डोळ्याला 'मात' म्हणतात. काका म्हणाले, "मेड." नाकाला 'मुइ'. "मू," म्हणत त्यांनी नाकाला बोट लावलं. मग मी 'ताय' म्हटलं, अर्थ सांगितला नाही. त्यांनी मुंड्यावरचा हात उचलला आणि माझ्यापुढे धरला. "ती," ते म्हणाले.