फिल्मच अंगावर येते तेव्हा

आज दुपारी हेडफोन लावून पीटर चेर्कास्कीची ‘आउटर स्पेस’ पाहिली. ऑस्ट्रियन, १९९९ ची, कृष्णधवल, जेमतेम १० मिनिटांची. एक बाई रात्री घरात शिरते, एवढीच गोष्ट. भूत दिसत नाही, तरी अंगावर सरसरून काटा आला.

यासाठी कॅमेरा वापरलेलाच नाही! ‘द एन्टिटी’ या १९८२ च्या भयपटातली दृश्यं घेऊन त्याने डार्करूममध्ये एकेक फ्रेम कोऱ्या फिल्मवर हाताने छापली. मूळ सिनेमात नायिका बार्बरा हर्शीला अदृश्य शक्ती छळते. इथे छळणारी खुद्द फिल्मच. चेहरे दुभंगतात, एकमेकांवर चढतात, आवाज खरखरत फाटतो. मग फिल्मच्या कडेची भोकं, ध्वनिपट्टी, म्हणजे प्रेक्षकाला एरवी कधी न दिसणारं सगळं थेट चित्रात घुसतं. मी सगळ्यात जास्त टरकले ती तिथेच. (लॅपटॉप गेला की काय, असंही वाटलं.) धाडकन दार आपटून घाबरवणारे सिनेमे याच्यापुढे फारच सभ्य!

आणि ती बाई नुसती सोसत नाही, उलट वार करते. ते मला फार आवडलं.

जरूर बघा. उजेडाची उघडझाप मात्र भयंकर आहे, फिट येणाऱ्यांनी टाळा.