आमदारांची राखीव सीट

आज पंढरपूर–सांगोला एसटीत खिडकीवर ‘विधानमंडळ सदस्यांसाठी राखीव’ ही पाटी दिसली आणि शेजारच्या काकांना सहज विचारलं, इथं कधी कुणी आमदार बसलेला पाहिलाय का? काका म्हणाले, “आमचं आबा बसायचं की!”

आबा म्हणजे गणपतराव देशमुख. शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. 1962 साली पहिल्यांदा निवडून आले आणि 2014 पर्यंत सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले. मध्ये 1972 आणि 1995 ला पडलेही (1995 ला शहाजीबापू पाटलांकडून, तेच ‘काय झाडी’वाले). पण पक्ष बदलला नाही. शेकाप राज्यात आटत गेला तरी लाल बावटा सोडला नाही. 1978 आणि 1999 च्या सरकारांत मंत्रीही होते, पण काकांना त्याचं फार काही नव्हतं. ते बोलत राहिले ते दुष्काळाबद्दल, पाण्यासाठीच्या भांडणाबद्दल, सूतगिरणीबद्दल. बाहेर डाळिंबाच्या बागा मागं पडत होत्या.

2021 च्या जुलैत आबा गेले. 2024 ला नातू बाबासाहेब त्याच पक्षाकडून निवडून आले. “आता बघायचं, एसटीनं फिरतोय का,” काका हसत म्हणाले आणि पिशवी उचलून उतरायला उठले.