जुनी रिव्हेटची बोट घेऊन कॅबेटोगामा

मिनेसोटाच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीला खेटून व्हॉयाजर्स नॅशनल पार्क आहे. कॅबेटोगामा हा तिथला तलाव. १९७५ साली झालेलं. तंबू ठोकायच्या बहुतेक जागा पाण्यातूनच गाठाव्या लागतात, म्हणजे बोट हाच इथला रस्ता. आमची बोट चौदा फुटी, अॅल्युमिनिअमची, रिव्हेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) मारलेली आणि वयाने आमच्याहून मोठी. या राज्यात अशा बोटींना तोटा नाही. अल्युमाक्राफ्ट १९४६ साली आणि लुंड १९४८ साली, बोटी बनवणाऱ्या या दोन कंपन्या इथेच सुरू झाल्या.

तळ गळतो हे माहीत होतं, कुठून ते शोधायचं होतं. पाण्यात उतरवून कळत नाही, म्हणून उलटं करायचं: बोट ट्रेलरवरच ठेवून आत पाणी सोडायचं आणि खाली आडवं होऊन बघायचं. चार बोटं पाणी पुरे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, काठोकाठ भराल तर ट्रेलर आणि रिव्हेट दोन्हींवर ताण येतो. थेंब शिवणीवरून (पत्र्यांच्या जोडावरून) घरंगळत दुसरीकडेच टपकतो, तेव्हा पुसून परत बघा आणि ओलीचा सगळ्यात वरचा ठिपका धरा. खूण मार्करने करा, पेन्सिलीने नको. ग्राफाइटमुळे अॅल्युमिनिअम गंजतं.

त्याआधी बुडाची, पाणी सोडायची बूच आणि तिच्या पितळी नळीभोवतीचं सील तपासा. पुष्कळदा चोर तिथेच सापडतो.

कोकणात लाकडी होडीच्या फटीत कापूस ठासतात, पाण्यात लाकूड फुगतं आणि फट मिटते. धातू फुगत नाही. सैल रिव्हेट पुन्हा आवळावी लागते आणि त्याला दोन माणसं हवीत. एकाने बाहेरून डोक्याला जड लोखंडी ठोकळा घट्ट टेकवायचा, दुसऱ्याने आतल्या टोकावर मोजके ठोके द्यायचे. जास्त ठोकलं की अॅल्युमिनिअम कडक होऊन तडकतं. भोकच मोठं झालं असेल तर जुनी रिव्हेट ड्रिलने काढून एक माप जाड घाला. आतून हात पोचत नसेल तिथे एका बाजूनेच बसवता येणारी पॉप रिव्हेट चालते, पण बंद तोंडाची, पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून. साध्या पॉप रिव्हेटच्या मधल्या भोकातूनच पाणी येतं.

शिवणींना आतून ग्लूव्हिट लावलं. हे दोन भागांचं पातळ इपॉक्सी फटीत झिरपतं आणि सुकल्यावरही थोडं लवचिक राहतं. बोट उन्हात तापवून लावलं की ते छान पसरतं. आधी स्टेनलेसच्या ब्रशने घासा, साध्या लोखंडी ब्रशचे कण धातूत रुतून गंज धरतात. मग अॅसिटोनने पुसा. आमच्या आधीच्या मालकाने सिलिकॉन फासून ठेवलं होतं. ते खरवडण्यातच आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण त्यावर दुसरं काही चिकटत नाही. मागच्या फळीचं प्लायवूड कुजलं असेल तर बदला, पण तांब्याचं औषध मारलेलं लाकूड घेऊ नका. ओलं झालं की ते अॅल्युमिनिअमला खातं.

ट्विन सिटीजहून (मिनिआपोलिस-सेंट पॉल) वर जाताना क्लोके सोडलं की ५३ नंबरचा हायवे धरायचा. सकाळी तलाव शांत होता आणि तळ कोरडा. एल्सवर्थ रॉक गार्डन्सला उतरलो. एका माणसाने हौसेने उभी केलेली ही दगडांची बाग, जरूर थांबा. दुपारी वारा सुटला, बोट लाटांवर आपटायला लागली आणि पायाशी पाणी दिसलं. ट्रेलरवर कोरडी राहिलेली शिवण तळ वाकला की उघडते, ही गोष्ट गॅरेजमध्ये कळत नाही. वेग कमी केला, सामान मध्यभागी सरकवलं आणि आत आलेलं पाणी बिल्ज पंपाने (तळातलं पाणी उपसणारा पंप) काढलं. माझ्या मते जुन्या बोटीत एवढं चालायचंच; पंप भारी पडतोय तोवर ठीक, पाणी वाढत असेल तर सरळ किनारा गाठा. पंप बिघडला तर हाताशी बादली हवी आणि पाण्यातही कडक होणारी इपॉक्सी पुटी. ओल्या धातूवर टेप टिकत नाही.

तंबूची जागा आधीच ऑनलाइन आरक्षित करा. प्रत्येकी एक लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. झेब्रा शिंपले एका तलावातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून बाहेर पडताना बोटीतलं पाणी काढून बूच उघडी ठेवूनच गाडी हाकावी लागते, तसा राज्याचा कायदा आहे. पुढच्या रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) ती परत लावायची राहू नये म्हणून आम्ही बूच गाडीच्या किल्लीलाच बांधतो.