स्मारकाजवळचा डबा

स्टेशनला जाताना आमच्या नोडमधलं, म्हणजे वसाहतीतलं, शहीद स्मारक रोज लागतं. नवी मुंबईत राहायला आल्यापासून सहा वर्षं त्याच्यासमोरून जात होते, पण त्यावर कोणाची नावं आहेत हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. म्हणून स्वतःचा पहिला जिओकॅश लपवायचा ठरला, तेव्हा हीच जागा डोक्यात आली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी एक डबा लपवतो, त्यात नोंदवही असते. डब्याचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकतात आणि शोधणारे तिथे पोहोचून वहीत सही करतात. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा लपवला. तेव्हापासून हे सुरू आहे.

चुंबक लावलेली छोटी डबी स्मारकाच्या रेलिंगला आतून चिकटवायची, असा माझा पहिला बेत होता. एका रविवारी सकाळी मोबाइल हातात घेऊन रेलिंगभोवती फिरत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, काय हुडकताय?"

ते निवृत्त सुभेदार निघाले. मूळचे साताऱ्याकडचे, मुलगा माथाडीत, म्हणून आता इथेच राहतात. पाणी घालायला आणि फुलं बदलायला ते रोज येतात. मी सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरं येऊन नावं वाचणार आसतील तर चांगलंच हाय. पण हितं काय चिकटवू नका. उद्या कुणाला ती डबी दिसली तर पोलीस येतील, कुत्रं येईल, आन् ह्या दगडाभोवती दोरी बांधतील."

बरोबर होतं त्यांचं. लोकलमधली बेवारस वस्तूला हात न लावण्याची सूचना ऐकतच आपण मोठे झालो आहोत. शिवाय शोधणारा माणूस चाचपत शोधतो, फटीत बोटं घालतो. शहिदांच्या नावांवर कुणी असं चाचपडावं, हे मलाच नको होतं.

मग बेत बदलला. स्मारकावर काहीच ठेवायचं नाही. तिथे फक्त वाचायचं, वाचलेल्यातून आकडे काढायचे आणि त्या आकड्यांनी खऱ्या डब्याची जागा कळायची. डबा आमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या बाहेरच्या कोनाड्यात. अध्यक्षांकडून लेखी परवानगी घेतली. क्लिपचा पारदर्शक हवाबंद डबा, आत सिलिका जेलची पुडी, वही आणि पेन्सिल, कारण दमट हवेत पेनाची शाई पसरते. झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं: हा खेळाचा डबा आहे, धोका नाही. खाली माझा नंबर.

जागेचे आकडे घ्यायला मात्र वेळ गेला. अक्षांशाच्या मिनिटात तिसऱ्या दशांश स्थळावरचा आकडा एकाने चुकला तरी पावणेदोन-दोन मीटरचा फरक पडतो आणि समोरच्या इमारती व पर्जन्यवृक्षाच्या फांद्यांमुळे फोन रोज वेगळंच सांगायचा. तीन वेगवेगळ्या दिवशी नोंदी घेऊन सरासरी काढली.

सूत्र केलं ते असं: १९७१ आणि १९९९ या कोरलेल्या सालांमधले काही आकडे, अधिक एकूण नावांची संख्या. सुभेदारांना कागद दाखवला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग पाटीच्या खालच्या भागाकडे बोट केलं. तिथे काळा ग्रॅनाइट कोराच सोडलेला आहे, चार-पाच ओळी मावतील एवढा.

"आन् नाव वाढलं तर?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन सूत्रातून नावांची संख्या काढून टाकली. प्रत्येक नावापुढे गाव कोरलेलं आहे. आता शोधणाऱ्याने ठरावीक नावांपुढचं गाव किती अक्षरी आहे ते मोजायचं. त्यासाठी नाव आणि गाव दोन्ही वाचावंच लागतं.

पुढचं सोपं होतं. जिओकॅश तपासणाऱ्या स्वयंसेवकाने दोनच प्रश्न विचारले: परवानगी कोणाची आणि खणलं तर नाही ना? जमिनीत पुरायला मनाई आहे. जवळच्या दुसऱ्या जिओकॅशच्या डब्यापासून १६१ मीटर अंतर लागतं, तेही होतं. चार दिवसांत मंजुरी आली.

पहिली सही एका आईची आणि तिच्या दोन मुलांची. धाकट्याने पेन्सिलीने तीन गावांची नावं लिहिली होती, पुढे अक्षरं मोजल्याच्या रेघा.

पाऊस संपल्यावर वही बदलायला निघाले, तेव्हा आधी स्मारकाकडे वळले आणि पाटीचा खालचा भाग पाहिला. कोराच होता. मग जाऊन डबा उघडला.