आमची वाटचाल : अकीकाच्या चकतीवरचं तेल

दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत तयार झालेला अकीक, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा अ‍ॅगेट दगड, आणि गारगोटीचे गोळे कापून त्यांच्या चकत्या करणं, हा आमचा धंदा. सुरुवात पाण्यावर चालणाऱ्या 10 इंची करवतीनं झाली. पुढे 18 इंची करवत घेतली आणि तिच्या टाकीत पातळ, बिनवासाचं खनिज तेल भरलं. तेलामुळे पातं गंजत नाही, जास्त टिकतं, काप गुळगुळीत येतो. पण तेव्हापासून चकतीचा दर्जा करवतीपेक्षा धुण्याच्या टाकीवर ठरू लागला.

अकीक हाताला काचेसारखा लागतो, तरी तो गारगोटीच्या अतिसूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो आणि त्या तंतूंमधल्या फटींतून द्रव आत शिरतो. साखरेच्या पाण्यात मुरवून नंतर गंधकाम्लात ठेवला की अकीक काळा होतो, तोही याच फटींमुळे. प्रत्येक पट्टा सारखाच शोषत नाही, त्यामुळे एकाच चकतीत एक पट्टा कोरडा आणि शेजारचा तेलकट राहतो. बाहेरची पांढुरकी साल सगळ्यात जास्त तेल पिते आणि नंतर कितीतरी दिवस थोडं थोडं सोडत राहते. नुसती पुसलेली चकती दुकानात छान दिसते, पण तिला चिकटवलेले रबरी पाय काही दिवसांत सुटतात, वर रेझिन ओतलं तर गोल खळगे पडतात, आणि रंगवायला घेतली तर रंग डागाडागांनी चढतो.

हे तेल काढायला पहिल्या काळात आम्ही रॉकेल वापरलं. रॉकेलमध्ये तेल विरघळतं, पण पातळ झालेलं तेल आणखी खोल जातं, वास हटत नाही, आणि करवतींच्या मोटारी चालू असलेल्या शेडमध्ये उघडं रॉकेल ठेवणं धोक्याचंच. मग स्पिरिट आलं. खनिज तेल स्पिरिटात फारसं विरघळत नाही. चकती लवकर वाळते, एवढाच त्याचा फायदा. कॉस्टिक सोडा मात्र आम्ही टाकीजवळ येऊ दिला नाही. हात आणि डोळे दोन्ही जातात, आणि चकतीतली नाजूक खनिजंही तो खातो.

आता क्रम पक्का आहे : आधी निथळणं, मग शोषणं, धुणं शेवटी. कापलेली चकती रात्रभर तेलात पडू द्यायची नाही. जितका वेळ बुडलेली, तितकं तेल आत. बाहेर काढताच दोन्ही बाजूंवरून रबरी वायपर फिरवायचा, म्हणजे तेल आणि गाळ परत टाकीतच पडतो. मग जाळीवर 20 मिनिटं तिरकी उभी करायची. गारगोटीच्या गोळ्याची फोड असेल तर पोकळी खाली करून ठेवायची, नाहीतर स्फटिकांच्या बुडाशी तेल साचतं.

त्यानंतर झाकणाच्या डब्यात मुलतानी माती. खाली बोटभर थर, त्यावर चकती, वर पुन्हा माती, असं रात्रभर. लाकडाचा भुसा चालतो, पण माती जास्त ओढते. सकाळी चकतीवरची माती ओल्या फडक्यानं पुसायची, झटकायची नाही, आणि तोंडाला धुळीचा मास्क हवाच. अकीकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांनी हे फार भोगलं आहे.

मगच पाणी. एका लिटरला 30 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि 10 मिली भांडी घासायचं लिक्विड, पाणी हाताला सोसेल इतकं गरम. गार चकती एकदम कढत पाण्यात टाकली की बारीक तडे जातात, म्हणून ती आधी कोमट पाण्यात ठेवायची. साधी चकती 2 तास, सालवाली 12 तास, मध्ये एकदा पाणी बदलून. शोषणाची पायरी वगळली तर पहिल्याच घाणीत साबण खर्च होतो आणि आतलं तेल तसंच राहतं.

बोअरच्या जड पाण्यानं आम्हाला बराच काळ त्रास दिला. त्यातल्या क्षारांशी सोड्याचा संयोग होऊन चकतीवर पांढरी झाक बसते आणि ती तेलाचीच वाटते. शेवटचं धुणं आता पावसाच्या साठवलेल्या पाण्यात किंवा आरओच्या पाण्यात होतं. निव्वळ अकीक असेल तर पातळ व्हिनेगरनंही झाक जाते. चकतीत कॅल्साइट हे चुन्याचं खनिज असेल तर व्हिनेगर वर्ज्य, कारण त्यात कॅल्साइट विरघळतं.

तेल गेलं की नाही, ते नजरेनं ठरवत नाही. चकतीवर स्वच्छ पाणी ओतायचं; पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट अखंड राहिला तर पृष्ठभाग साफ, थेंब थेंब होऊन फाटला तर पुन्हा सोड्यात. आतलं तेल बघायला वाळलेली चकती 2 तास उन्हात तापवून टिश्यू पेपरवर ठेवतो. कागदावर डाग उमटला तर परत मातीत.

टाकीतला गाळ कापडी पिशवीत टांगला की बरंच तेल निथळून परत वापरता येतं. टाकाऊ तेल गटारात जात नाही. घातक कचऱ्याबाबतच्या केंद्राच्या 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच देतो. स्टिल्बाइट, अपोफिलाइट ही नाजूक स्फटिकांची खनिजं असलेले दगड आम्ही अजूनही तेलाच्या करवतीवर चढवत नाही. स्फटिकांच्या बेचक्यांत शिरलेलं तेल काढायला घासावं तर ते निखळतात आणि तापवावं तर त्यांच्यातलं पाणी उडून ते पांढुरके पडतात. ते पाण्यावरच, जुन्या 10 इंची करवतीवर.