ट्रेलरमध्ये बदल करण्याआधी बॉलवरचा भार मोजा

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, दारात आला की महिनाभरात बदलांची यादी तयार होते: छतावर सोलर पॅनेल, लिथियम बॅटरी, मागे सायकलींचा रॅक, आत एखादं जादा कपाट. यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. पण प्रत्येकीला वजन आहे, आणि ते वजन चाकांच्या पुढे पडतं की मागे, यावरून ट्रेलर सरळ चालणार की हेलकावे खाणार हे ठरतं. म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या, बॉलवर किती भार पडतो ते मोजून लिहून ठेवा. यालाच टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. आम्ही १२-१३ टक्क्यांना चिकटून राहतो. (युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनची रचना वेगळी असते. तिथे हा आकडा कमी असतो आणि गाडीच्या कंपनीने दिलेली मर्यादाच शेवटची.)

मोजायला महागडं काही लागत नाही. घरातला वजनकाटा एका बाजूला, तेवढ्याच उंचीच्या विटा दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींवर आडवी टाकलेली जाड, न वाकणारी लाकडी तुळई. दोन्ही टेकूंवर तुळईखाली पाइपचा एकेक तुकडा ठेवा, म्हणजे भार नेमक्या रेषेवर पडेल. दोन टेकूंमधलं अंतर ९० सेंमी ठेवा आणि ट्रेलरची टंग (पुढची, बॉलवर टेकणारी दांडी) विटांपासून ३० सेंमीवर टेकवा. काट्यावर एक तृतीयांश भार येतो. आलेल्या आकड्यातून नुसत्या तुळईचा आकडा वजा करा आणि बाकीला ३ ने गुणा. ट्रेलर प्रवासाला निघताना असतो तसा पूर्ण भरलेला हवा, चाकांना अडण लावलेली हवी आणि फरशी पाणसळीला हवी. नाक वर असेल तर आकडा कमी येतो.

ट्रक तोलायचा मोठा काटा (वे-ब्रिज) जवळ असेल तर तेही सोपं आहे. आधी माणसं आणि सामानासह नुसती गाडी तोला. मग ट्रेलर जोडा, पण हिचच्या स्प्रिंग बार (भार वाटून देणाऱ्या दांड्या) न लावता, आणि ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवून पुन्हा गाडी तोला. वाढलेला आकडा म्हणजे टंग वेट.

आता या आकड्याचं काय होतं ते बघा. समजा ट्रेलर २,२०० किलोचा, बॉलवर २६४ किलो, म्हणजे १२ टक्के. बॉलपासून अक्षापर्यंत ५ मीटर (दोन अक्ष असतील तर दोघांच्या मधोमध मोजायचं). मागच्या बंपरवर रॅक आणि दोन इलेक्ट्रिक सायकली असे ६० किलो टाकले, अक्षापासून ३.५ मीटर मागे. बॉलवरचा भार ६० × ३.५ ÷ ५ = ४२ किलोंनी उतरला. उरले २२२, एकूण वजन २,२६०, म्हणजे ९.८ टक्के. अजून चालून जाईल असं वाटतं. पण स्वच्छ पाण्याची १५० लिटरची टाकी अक्षाच्या १ मीटर पुढे होती आणि तेच पाणी मुक्कामात वापरून २ मीटर मागच्या सांडपाण्याच्या टाकीत गेलं, तर पुढचे ३० किलो गेले आणि मागचे ६० किलो बॉलला वर उचलायला लागले. उरले १३२ किलो. ६ टक्क्यांच्याही खाली! जाताना काटेकोर चाललेला ट्रेलर परतीच्या वाटेवर का झुलू लागला, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. सांडपाणी मुक्काम सोडण्याआधी, त्यासाठी असलेल्या जागी, रिकामं करा.

बैलगाडी मागून जड झाली की तिला उलाळ झाली म्हणतात. ट्रेलर उलाळ झाला की तो गाडीला उचलून टाकत नाही, त्याहून वाईट करतो. वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेला ट्रक त्याला थोडा ढकलतो आणि तो बॉलभोवती डावी-उजवीकडे झुलू लागतो. एका ठरावीक वेगापर्यंत हे झुलणं आपोआप विरतं. त्या वेगापलीकडे मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. मागे गेलेलं वजन ही वेगमर्यादा खाली आणतं. इथे एक चुकीचा उपाय सर्रास केला जातो: मागे रॅक लावला म्हणून पुढच्या पेटीत तेवढंच जड सामान भरायचं. टक्केवारी सुधारते हे खरं, पण दोन्ही टोकांना वजन गेलं की ट्रेलर डंबेलसारखा होतो आणि एकदा झुलायला लागला की थांबवणं अवघड जातं. जड सामान अक्षाजवळ, किंचित पुढे आणि फरशीलगत ठेवा. सायकली शक्य असेल तर गाडीवर न्या.

झुलणं सुरू झालंच तर स्टिअरिंग सरळ धरा, उलट-सुलट वळवून सावरायला जाऊ नका. अॅक्सिलरेटरवरून पाय काढा आणि ब्रेक कंट्रोलरचा (ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक गाडीतून चालवणाऱ्या यंत्राचा) हाताने चालवायचा दांडा दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. मागून खेचलं गेलं की जोडी सरळ होते. गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर मागचा ट्रेलर पुढे रेटतो आणि जोडी घडी होऊन बसते.

रॅक लावायचाच असेल तर बंपर नीट बघा. पुष्कळ ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चौकोनी नळी असते, सांडपाण्याचा पाइप ठेवण्यापुरती. खड्ड्यात ६० किलोंचा झटका त्याच्या वेल्डला तोडतो. रॅकचा रिसीव्हर (रॅक खोचायची नळी) चेसिसच्या दोन मुख्य रेल्सना धरून बसवायला हवा.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचबद्दल गैरसमज खूप आहेत. तिच्या स्प्रिंग बार गाडीच्या मागच्या अक्षावरचा भार पुढच्या अक्षाकडे आणि थोडा ट्रेलरच्या अक्षाकडे वळवतात. कमी पडलेलं टंग वेट त्या निर्माण करत नाहीत. घर्षणाने झुलणं रोखणारी दांडी उलाळ ट्रेलरचा दोष काही वेगापर्यंत झाकते, एवढंच. हिच बसवताना गाडीच्या पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजा. ट्रेलरविना ८५० मिमी, ट्रेलर टेकवल्यावर ८८०, तर बार ताणल्यावर ती निदान ८६५ पर्यंत खाली यायला हवी. ८५० च्या खाली मात्र नको. गाडीच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. आणि हिचचं स्वतःचं ३५ ते ४५ किलो वजन गाडीच्या पेलोडमधूनच (गाडी अंगावर पेलू शकते त्या वजनातून) जातं हे विसरू नका. टंग वेट, माणसं, सामान आणि हिच यांची बेरीज दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरच्या पेलोडच्या आकड्यात बसली पाहिजे. ओढण्याची क्षमता शिल्लक असते आणि पेलोड आधीच संपलेला असतो, असं फार वेळा दिसतं.

बॉलच्या मापात चूक जीवघेणी ठरते. २ ५/१६ इंची कपलर (बॉलवर बसणारं टंगचं तोंड) २ इंची बॉलवर बसतो, लॅचही लागतं, आणि पहिल्या मोठ्या धक्क्याला सुटतो. म्हणून लॅच आणि पिन लावल्यावर टंगचा जॅक फिरवून गाडीची मागची बाजू चार-पाच सेंमी उचलून बघा. उचलली गेली तर जोड पक्का. साखळ्या टंगखालून एकमेकींना छेदून अडकवा, म्हणजे कपलर सुटला तरी टंग त्यांच्या झोळीत पडेल. ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या बटणाची) तार साखळीला किंवा हिचच्या काढता येणाऱ्या भागाला अडकवायची नाही. हिचच निघून आली तर तार ओढली जाणार नाही. ती गाडीच्या पक्क्या भागालाच हवी.

बॅटरीकडे वळू. टंगवरच्या दोन १०० अँपिअर-अवर लेड-अॅसिड बॅटऱ्या मिळून साधारण ५५ ते ६० किलोंच्या असतात. त्यांच्या जागी तेवढ्याच क्षमतेच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट आणल्या की वजन पंचवीसेक किलोंवर येतं. बॉलवरचे जवळजवळ ३० किलो एका दुपारीत कमी झाले! बॅटऱ्या पलंगाखाली हलवल्या तर आणखी. हा बदल जरूर करा, पण नंतर पुन्हा मोजा.

गाडीतून चार्जिंग घेताना वायरच्या जाडीत कंजुषी नको. गाडी ते ट्रेलर १० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तांब्याची वायर. २० अँपिअरला ४ चौरस मिमी वायरवर सुमारे १.७५ व्होल्ट पडतात, ६ वर १.२, १६ वर ०.४५. लिथियमला साधारण १४.४ व्होल्ट लागतात, त्यामुळे बारीक वायरवर बॅटरी कधीच भरत नाही. जाड वायर टाकून नुसतं जोडलं तर उलटा त्रास होतो: लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. मध्ये २०-३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (व्होल्टेज वाढवून करंट आवरणारं यंत्र) बसवा, तोही ट्रेलरच्या बॅटरीजवळ. वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरीलगत फ्यूज हवेत, कारण बॅटऱ्या दोन्हीकडे आहेत. लिथियमला शून्य अंशाखाली चार्ज करायचं नसतं. थंड प्रदेशात फिरणार असाल तर तसं कटऑफ असलेलीच बॅटरी घ्या.

इलेक्ट्रिक ब्रेक तपासायला क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजणारा चिमटा) पुरतो. १० किंवा १२ इंची ड्रमचं प्रत्येक मॅग्नेट सुमारे ३ अँपिअर घेतं, म्हणजे चार चाकांना १२. पूर्ण व्होल्टेजला ६ च दिसले तर अर्धे ब्रेक मेलेले आहेत. दोषी बहुधा अक्षाच्या नळीतून गेलेली वायर असते, आत घासून सोललेली. नवी वायर बाहेरून, जाळीदार आवरणात टाका. ड्रमच्या आतली दातेरी चकती चाक जड फिरेपर्यंत आवळा, मग हलकी घसट उरेपर्यंत सोडा. हे पहिल्या ३०० किमीनंतर, पुढे दर ५,००० किमीला. कंट्रोलरचा जोर ठरवताना ब्रेक आधी थोडे गरम करून घ्या, मग कोरड्या सपाट रस्त्यावर ३०-४० च्या वेगात हातदांडा दाबून, चाकं लॉक होण्याच्या जरा अलीकडे थांबेल इतका जोर ठेवा.

सस्पेन्शनमध्ये स्वस्तात सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे कमानपाट्याच्या शॅकलचे (टोकाच्या जोडपट्ट्यांचे) प्लॅस्टिक बुश काढून कांस्याचे बुश आणि ग्रीस निपलवाले बोल्ट टाकणं. प्लॅस्टिक लवकर झिजतं, मग बोल्ट लोखंडावर घासतो आणि भोकं लांबट होतात. काम करताना ट्रेलर चेसिसखाली टेकू देऊन उचला. अक्षाच्या नळीखाली मधोमध जॅक लावला की ती वाकते आणि टायर एका बाजूने खाऊ लागतात.

बेअरिंग वर्षातून एकदा किंवा २०,००० किमीला उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरा. टोपीवरच्या निपलमधून भसाभसा ग्रीस मारलं तर ते सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर जातं, आणि मग लायनर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

छतावर भोक पाडाल तिथे खाली ब्युटाइल टेप आणि वरून सपाट पसरणारा लॅप सीलंट. सिलिकोन नको. पुढे त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. सांधे दर तीन महिन्यांनी बघा.

टायर नक्षी झिजायच्या आधी वयाने जातात. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदला, दिसायला नवे असले तरी. हवा नेहमी थंड टायरमध्ये तपासा. चाक काढून पुन्हा लावलं असेल तर ८० आणि १६० किमीवर नट पुन्हा टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. त्याच थांब्यांवर इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक हबवर धरा. चौघे जवळपास सारखे गरम असतील तर निघा. एकच खूप गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक, आणि एकच थंड असेल तर त्या चाकाचा ब्रेक लागतच नाहीये.