आमची वाटचाल : कीबोर्डाविना सुरू होणारे संगणक

आमच्या व्यवसायाची सुरुवात एका अडून बसलेल्या संगणकापासून झाली. कारखान्यातील कटिंग मशीन चालवणारा तो संगणक बंद कपाटात असे आणि धूळ व तेलकट हात यांमुळे त्याचा कीबोर्ड मुद्दाम काढून ठेवलेला होता. रात्री वीज गेली, पहाटे आली, आणि सकाळच्या पाळीला पडद्यावर कीबोर्ड सापडत नसल्याचा संदेश आणि पुढे जाण्यासाठी एफ १ दाबण्याची सूचना एवढेच दिसत होते.

तेव्हा आम्ही दोघेच होतो आणि आमच्याकडचा उपाय सोपा होता. बायोस म्हणजे वीज मिळताच सर्वांत आधी चालणारा, संगणकाची तपासणी करणारा मदरबोर्डावरचा (मुख्य सर्किट बोर्डावरचा) प्रोग्राम; अवॉर्ड आणि एएमआय या तो बनवणाऱ्या कंपन्या. अवॉर्ड बायोसमध्ये कोणत्या त्रुटीवर थांबायचे ते ठरवणारा ‘हॉल्ट ऑन’ हा पर्याय ‘ऑल, बट कीबोर्ड’ (कीबोर्ड सोडून सर्व) वर ठेवायचा, एएमआय बायोसमध्ये ‘वेट फॉर एफ १ इफ एनी एरर’ बंद करायचा. काही काळ याच कामावर आमचे चालले. पण तेच संगणक पुन्हा आमच्याकडे येऊ लागले, कारण हे सेटिंग ज्या स्मृतीत राहते ती सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलवर जगते. सेल संपला आणि वीज गेली की सेटिंग मूळ पदावर येते आणि संगणक पुन्हा अडतो. अखंड वीज असताना सेल मेल्याचे कळतही नाही.

काही जुन्या मदरबोर्डांवर तर असा पर्यायच नव्हता. त्यांच्यासाठी आम्ही कीबोर्डाच्या जागी बसणारा अंगठ्याएवढा प्लग बनवला. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून कीबोर्ड आणि संगणक यांच्यात दोन्ही बाजूंनी संवाद होतो. वीज मिळताच कीबोर्ड स्वतःची चाचणी घेतो आणि ती पार पडली की ‘एए’ हा संकेत पाठवतो. आमचा पहिला प्लग एवढेच बोलून गप्प बसत असे आणि बऱ्याच बोर्डांवर नापास होई. ऑसिलोस्कोपवर (तारांतले विद्युत संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) क्लॉक आणि डेटा या दोन तारांवरचे अकरा बिटांचे एकेक संदेश वाचल्यावर उलगडा झाला : बायोस स्वतःहून ‘एफएफ’ पाठवून कीबोर्डाला रीसेट करतो, ‘एफए’ ही पोच आणि त्यामागून पुन्हा ‘एए’ मागतो, शिवाय कीबोर्डावरचे दिवे लावण्यासाठी ‘ईडी’ पाठवून त्याचीही पोच पाहतो. दुसऱ्या प्लगने या सगळ्यांना उत्तरे दिली.

प्लगने काही सेकंदांनी आपोआप एफ १ दाबावे, अशी मागणी ग्राहकांकडून वारंवार आली. तांत्रिकदृष्ट्या ते ‘०५’ हा एक संकेत पाठवण्याइतके सोपे आहे, तरीही आम्ही ते केलेले नाही. सेल संपल्यावर येणारी सूचनाही एफ १ च मागते. जुन्या बोर्डांवर हार्ड डिस्कची मापे त्याच स्मृतीत असतात आणि ती पुसलेली असताना संगणकाला पुढे ढकलणे आम्हाला मान्य नाही. कोणी न वाचलेल्या सूचनेला आमच्या प्लगने परस्पर होकार देऊ नये, यावर आम्ही ठाम आहोत, जरी त्यापायी काही कामे हातची गेली.

त्याऐवजी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक संगणकाचा सेल आम्ही बदलतो, तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो ग्राहकाला देतो. संगणक बंद केल्याशिवाय पीएस/२ (कीबोर्डाच्या गोल खोबणीत बसणारा) प्लग लावू वा काढू नये, हेही बजावतो, कारण चालू संगणकात तसे केल्याने बोर्डावरचा फ्यूज उडू शकतो. परत पाठवण्यापूर्वी कीबोर्ड न लावता वीस वेळा वीज तोडून जोडतो. एकविसाव्या वेळी सेल काढून ठेवतो आणि संगणक सूचना दाखवून थांबतो ना, ते पाहतो.